बोटांत जोरच नाही, हार्प कशी वाजवू?

हार्प, म्हणजे खांद्याला टेकवून दोन्ही हातांनी तारा छेडायचं उभं वाद्य, शिकायला घेतलेली मोठी माणसं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एकच तक्रार घेऊन येतात: बोटांत जोर नाही. कोणी वयाला दोष देतं, कोणाला आपली बोटं आखूड वाटतात. एखादी व्यक्ती तर सरळ हात पुढे करते आणि म्हणते, "बघून सांगा, जमेल का?" हात बघून भविष्य सांगणं माझ्या कामात बसत नाही. मी डब्लिनमध्ये समुपदेशन करते आणि हौसेने, बेताचीच, हार्प वाजवते. त्यामुळे वाद्य शिकताना अडलेले लोक, त्यातही मनातलं मराठीत बोलायला मिळेल म्हणून येणारे, माझ्याकडे वळतात.

त्यांतल्या एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने सांगते. त्यांना मेधाताई म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मेधाताई ४६ वर्षांच्या. दिवसभर संगणकावर हिशेबाचं काम. मुलगी इथल्या शाळेत जाते आणि आयर्लंडमध्ये हार्पपासून लांब राहणं तसं अवघडच, इथल्या युरोच्या नाण्यांवरही हार्पच असते. मुलीने हट्ट धरला, ३४ तारांची लिव्हर हार्प (तारांचा सूर छोट्या खटक्यांनी बदलता येणारी लहान हार्प) भाड्याने घरी आली आणि मुलीला क्लासला सोडता सोडता आईनेही त्याच शिक्षिकेकडे नाव घातलं. लहानपणी त्या दोन-तीन वर्षं पेटी शिकल्या होत्या. सूर कळत होता, म्हणून हे सोपं जाईल असं वाटलं होतं.

"मॅडम, मुलगी माझ्यानंतर तीच धून घेते आणि चार दिवसांत वाजवते," त्या पहिल्या भेटीत म्हणाल्या. "माझा आवाजच निघत नाही. अनामिका तर मेल्यासारखी. आता मी व्यायाम सुरू केलाय." व्यायाम म्हणजे काय, ते त्यांनी पिशवीतून काढून दाखवलं. दाबायची स्प्रिंग होती, रबरी चेंडू होता, बोटांभोवती लावून ताणायचे रबरबँड होते. ऑफिसच्या फोनवर बोलतानाही डाव्या हातात चेंडू चालू असायचा. हार्पला मात्र त्या फक्त शनिवारी बसायच्या, सलग दीड-दोन तास, आणि रविवारी अंगठ्याचं मूळ ठणकायचं.

दुखतंय म्हटल्यावर मनाचं बोलणं मी बाजूला ठेवते. कुठे दुखतं, कधी दुखतं, रात्री मुंग्या येतात का, सकाळी बोटं आखडतात का, बरणीचं झाकण उघडताना कळ येते का, हे आधी विचारते. चाळिशीनंतर बायकांमध्ये अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज पुष्कळ दिसते आणि त्यावर कोणत्याही समुपदेशनाचा उपयोग नाही. मेधाताईंना डॉक्टरांकडे पाठवलं आणि तोवर स्प्रिंगही बंद, शनिवारची बैठकही बंद असं ठरवलं. सुदैवाने सांधा ठीक होता, नसही दबलेली नव्हती. हातावर नको इतका ताण पडतोय, विश्रांती द्या, मग हळूहळू सुरू करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते कळल्यावरच आम्ही पुढे गेलो. वाजवताना थकवा येणं वेगळं आणि दुखणं वेगळं. मुंग्या, बधिरपणा, रात्री जाग आणणारी कळ यांपैकी काही असेल तर हा लेख इथेच सोडा आणि डॉक्टरांकडे जा.

आता जोराबद्दल. बोटांत हालचाल घडवणारे स्नायू नसतातच. बोट वाकवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात, बारीक हालचाल सांभाळणारे छोटे स्नायू तळहातात, आणि बोटापर्यंत पोचतात त्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या. म्हणजे स्प्रिंग दाबून दाबून तयार होते ती मूठ आवळण्याची ताकद. हार्पला तिचा फारसा उपयोग नाही. मधल्या पट्टीतली नायलॉनची तार छेडायला लागणारा जोर पिशवी उचलणाऱ्या, कणीक मळणाऱ्या कोणत्याही हातात आधीपासूनच असतो. लागतं ते एक बोट बाकीच्यांपासून सुटं हलवणं आणि हललेलं बोट लगेच सैल सोडणं. मूठ आवळताना सगळी बोटं एकदम वळतात, म्हणजे नेमकी उलटी सवय लागते.

अनामिकेची अडचण खरी आहे, पण ती एकट्या मेधाताईंची नाही. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट दुमडून त्याचा सांधा टेबलाला टेकवा आणि आता अनामिका उचलून बघा. बहुतेकांची जेमतेम हलते. हाताच्या पाठीवर तिच्या कंडरा शेजारच्या बोटांशी जोडलेल्या असतात, त्यामुळे ती एकटी निघत नाही. मेधाताईंनी हे माझ्यासमोर करून पाहिलं, मग घरी जाऊन मुलीला आणि नवऱ्यालाही करायला लावलं. पुढच्या भेटीत आल्या त्या हसतच. "तिघांचीही मेलेलीच आहे!"

हे बोट जबरदस्तीने सुटं करायच्या नादाला लागू नये, हे मी जरा ठासून सांगते. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला बोटांसाठी एक यंत्र वापरत असे. त्याच्या उजव्या हाताचं बोट निकामी झालं आणि पियानोवादक होणं राहून गेलं. दोष यंत्राचा होता की दुसऱ्या कशाचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तरी रबरबँड कचऱ्यात टाकायला मला एवढी शंका पुरते.

तिसऱ्या भेटीत मी त्यांना माझ्या हार्पवर बसवलं आणि घरी वाजवता तसंच वाजवा म्हटलं. पहिल्या स्वराआधी उजवा खांदा कानाकडे गेला, श्वास अडकला, दात आवळले. तळहात जमिनीकडे वळलेला. ही पेटीची सवय. पेटीवर हात पालथा असतो आणि पट्टी वरून खाली दाबायची असते. हार्पवर दोन्ही तळहात एकमेकांकडे बघतात, अंगठा वर उभा राहतो आणि बाकीची बोटं किंचित खाली झुकतात. मेधाताईंचा अंगठा खाली पडून तर्जनीच्या वाटेत येत होता. मग वाट काढायला त्या अख्ख्या हाताने तार बाहेर ओढत होत्या, आणि तार धरलेली अशी की जणू जात्याचा खुंटा. अनामिकेचं शेवटचं पेर उलटं मोडत होतं. अशा बोटाचा आवाज बारीकच येणार, कारण लावलेला जोर तारेपर्यंत पोचण्याआधी मोडलेल्या सांध्यातच संपतो.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती वेगळीच. तार छेडून झाल्यावरही त्यांचं बोट ताठच राहायचं. शिक्षिकेने सांगितलं होतं की छेडल्यावर बोट तळहाताकडे मिटू द्या. मेधाताईंनी त्याची मूठ केली आणि ती धरून ठेवली. प्रत्येक स्वरानंतर हात आवळलेला, पुढचा स्वर त्याच आवळलेल्या हाताने. दोन तास हे केल्यावर अंगठा ठणकला नसता तरच नवल.

हात दुरुस्त करणं माझं काम नाही, ते शिक्षिकेचं. म्हणून मेधाताईंच्या संमतीने आम्ही तिघी एकदा एकत्र बोललो. शिक्षिकेला दुखण्याचा आणि स्प्रिंगचा पत्ताच नव्हता. मेधाताईंनी सांगितलंच नव्हतं, कारण "त्यांना वाटेल ही बाई तक्रारखोर आहे." मोठ्या वयाचे विद्यार्थी हे फार करतात. लहान मूल "हात दुखतो" म्हणून मोकळं होतं. आपण फी भरतो, वेळेवर जातो आणि दुखणं लपवतो.

मग मी विचारलं, बोटांत जोर नाही असं तुम्हाला पहिल्यांदा कोण म्हणालं? शिक्षिका नाही, मुलगीही नाही. बराच वेळ गेला. "आमची आत्या," त्या म्हणाल्या. गणपतीत उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडायला बसल्या होत्या, कळ्या फाटत होत्या. आत्याने उठवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, हिच्या हाताला वळणच नाही. त्यानंतर शिवण, रांगोळी, मेंदी, जे जे हाताचं ते ते त्यांनी स्वतःहून सोडलं. पेटी दहावीच्या नावाखाली सुटली. आत्याला दुष्ट ठरवण्यात मला रस नव्हता. त्या काळी घरोघरी असं बोललं जायचं. पण ४६व्या वर्षी एक तार नीट वाजली नाही की या बाईंना त्या तारेपुरतं वाईट वाटत नव्हतं. आपल्या हातातच खोट आहे, याचा आणखी एक पुरावा मिळत होता. खोट भरून काढायची तर जोर लावायचा, हा त्यांचा हिशेब. खांदा वर जात होता तो इथून.

त्यामुळे आमचं काम दोन बाजूंनी चाललं. शिक्षिकेने शनिवारची बैठक मोडून रोज दोनदा दहा-दहा मिनिटं ठरवून दिली, आणि थकायच्या आधी उठायचं अशी अट घातली. सुरुवातीला आवाजच नव्हता. अनामिकेपासून अंगठ्यापर्यंत चार बोटं शेजारच्या चार तारांवर ठेवायची, नुसतं टेकलेलं जाणवू द्यायचं आणि काढून घ्यायची. करंगळी या ठेवणीत तारेपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून हार्पला ती वापरतच नाहीत. मग चारही बोटं ठेवलेली असताना एकच छेडायचं. छेडलेलं बोट तळहाताला लागलं की हात सैल. पुढचं बोट तोवर तारेवर वाट बघत असतं, त्यामुळे तार शोधायची धांदल नाही. हे सगळं अगदी हळू आवाजात. जोरात वाजवताना बोटांचा असमानपणा झाकला जातो, हळू वाजवताना कोणतं बोट मागे पडतंय ते कानाला लगेच कळतं. पेर मोडायला लागलं की थांबायचं, चिकाटी दाखवायची नाही.

बसणंही बदललं. स्टूल बुटकं होतं, त्यामुळे वरच्या तारांसाठी खांदा उचलावाच लागायचा. हार्प उजव्या खांद्यावर नुसती टेकलेली असावी. मेधाताई ती खांद्याने पेलत होत्या. त्यात इंटरनेटवरचे व्हिडिओ. एकात कोपरं उचलून धरायला सांगतात, दुसऱ्यात उजवं मनगट लाकडाच्या कडेला हलकं टेकवतात. दोन्ही बरोबर आहे. पहिली हार्पवादक कार्लोस साल्झेडोच्या परंपरेची ठेवण, दुसरी फ्रेंच वळणाची, ऑंरियेत रनिए आणि मार्सेल ग्रांजानी या हार्पवादकांकडून आलेली. पण नवशिक्याने सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरी करायची नसते. आपल्या शिक्षिकेची धरा, बाकीचे व्हिडिओ वर्षभर बंद.

माझ्या बाजूने मी एक वही ठेवायला सांगितली. तिच्यात "जमलं" किंवा "जमलं नाही" लिहायला बंदी. खांदा कुठे होता, श्वास चालू होता का आणि कोणत्या बोटाचा आवाज वेगळा आला, एवढंच. पहिल्या पानांवर "आज पण अनामिका बेकार" असलं काहीबाही होतंच. पुढे "४ ने हळू, पण गोल" (अंगठ्यापासून मोजलं तर ४ म्हणजे अनामिका) असं काही दिसायला लागलं. मुलीचा आणि त्यांचा सराव वेगवेगळ्या वेळी ठेवला. एका छताखाली दोन शिकणारे असले की मोठ्याचा हात आपोआप आवळतो, हे मी आणखीही काही घरांत पाहिलं आहे.

वयाबद्दल त्या पुन्हापुन्हा विचारत. इथे लोक हौसेने सांगतात की १७९२ मध्ये बेलफास्टला हार्पवादक जमले तेव्हा डेनिस हेम्पसन नव्वदी ओलांडून आला होता आणि जुन्या पद्धतीने धातूच्या तारा नखांनी वाजवत होता. मी हे उदाहरण देत नाही. तो लहानपणापासून वाजवत होता, नवशिक्याला त्यातून काय मिळणार? त्यापेक्षा आयरिश हार्पवादक आणि संगीतकार टर्लो ओ'कॅरोलन बरा. देवीच्या आजारात १८व्या वर्षी दृष्टी गेली, त्यानंतर हार्प हातात आली. त्या काळच्या मानाने हे उशिराच. वादक म्हणून त्याला पहिल्या रांगेत कधी धरलं नाही, आणि तरी आज आयर्लंडमध्ये हार्प शिकणारा कोणीही त्याच्या धुनांवाचून पुढे जात नाही. मेधाताईंना उशिरा शिकूनही मोठा वादक झालेला माणूस हवा होता. मी तसा देऊ शकले नाही.

फोडांची काळजी मात्र लगेच मिटण्यासारखी. सुरुवातीला बोटांच्या टोकांना फोड येतात. फोडू नयेत, बरे होईपर्यंत त्या बोटाला सुट्टी द्यावी. भांडी घासून किंवा आंघोळ करून लगेच बसू नये, भिजलेली कातडी पटकन सोलते. थोडा थोडा रोजचा सराव असेल तर काही आठवड्यांत कातडी जाड होते. नखं बोटाच्या आत राहतील इतकी कापलेली हवीत, कारण नायलॉनच्या तारेवर नख लागलं की आवाज चरचरतो.

काही महिन्यांनी शिक्षिकेच्या घरी विद्यार्थ्यांचं छोटं वादन झालं. मेधाताई वाजवायला बसल्या. मधे एकदा चुकल्या, थांबल्या, बोटं पुन्हा तारांवर ठेवली आणि तिथूनच पुढे गेल्या. मला त्यातलं ठेवणं महत्त्वाचं वाटलं. घाईने तार ओढली नाही, खांदा जागेवर होता. अनामिकेचा आवाज अजूनही इतर बोटांपेक्षा थोडा हळू येतो, माझाही येतो.

आमच्या भेटी आता महिन्यातून एकदा होतात. गेल्या वेळी त्या नवी तक्रार घेऊन आल्या. शिक्षिकेने डाव्या हाताला खालच्या जाड तारा दिल्या आहेत, आणि तिथे खरोखरच जास्त जोर लागतो. स्प्रिंग परत काढू का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, आणि स्टूल किती उंच आहे ते विचारलं.