चकचकीत सेंट म्हणजे प्रूफ?

प्रश्न : शेजारच्या आजींनी त्यांच्या यजमानांच्या संग्रहातली तीन जुनी एक सेंटची नाणी मला भेट दिली. १८८३ चं इंडियन हेड (पिसांचा शिरपेच घातलेल्या चेहऱ्याचं) आरशासारखं चमकतं. १९०८ च्या इंडियन हेडवर मागच्या बाजूला, पुष्पचक्राच्या खाली, बारीक ‘एस’ आहे. तेही तकतकीत आहे. तिसरं १९१३ चं लिंकन मात्र अगदी मंद. पहिली दोन प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेली, आणि तिसरं साधं, असंच ना?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : मधल्या नाण्याचा निकाल पत्र वाचतानाच लागला. ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ. त्या काळी प्रूफ सेंट फक्त फिलाडेल्फियात पाडले जात आणि तिथल्या सेंटवर टांकसाळीची खूण नसे. म्हणजे हे प्रूफ नाही. पण हिरमुसू नका. फिलाडेल्फियाबाहेर सेंट पहिल्यांदा पाडले गेले ते १९०८ मध्येच, आणि तेही जेमतेम ११ लाख. हे नाणं जपून ठेवा.

आता १८८३ चं. त्या वर्षी साधे सेंट साडेचार कोटींच्या वर निघाले आणि प्रूफ साडेसहा हजारांच्या आसपास. त्यामुळे मी नेहमी ‘साधं’ असंच धरून चालतो आणि नाण्याला उलट सिद्ध करू देतो. ओहायोतल्या एका कारखान्यात मी तीस वर्षं डाय, म्हणजे धातूवर ठसा उमटवणारे साचे, बनवल्या, म्हणून माझी नजर आधी चमकेवर जात नाही, कोपऱ्यांवर जाते. प्रूफसाठी डाय आणि कोरी तबकडी दोन्ही घासून आरशासारखी करत आणि ठसा सावकाश, जास्त दाबाने मारत. धातू डायच्या सांदीकोपऱ्यात पूर्ण शिरतो. अक्षरांच्या भिंती उभ्या राहतात, काठ रुंद, सपाट आणि धारदार येतो. साध्या नाण्यांचा प्रेस भराभर चाले. तिथे काठ थोडा गोलसर राहतो. शिवाय धातू मधून कडेकडे सरकतो तशा डायवर बारीक रेषा पडतात आणि त्या नाण्यावर उतरतात. असं नाणं दिव्याखाली तिरपं करून फिरवलं की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. प्रूफवर असे आरे फिरत नाहीत. त्याचं मैदान, म्हणजे चित्र-अक्षरांमागचा सपाट भाग, एकदम काळं दिसतं, नाहीतर एकदम लखलखतं.

मात्र पॉलिश केलेलं नाणंही आरसा दाखवतं. इथे मी स्वतः फसलो आहे. एका प्रदर्शनात दीडशे डॉलर देऊन १८८० च्या दशकातला ‘प्रूफ’ सेंट घेतला आणि घरी दहापट भिंगाखाली धरला. शिरपेचावरच्या ‘लिबर्टी’ची अक्षरं कडेला वितळल्यासारखी होती आणि मैदानावरचे ओरखडे सगळे एकाच दिशेने गेलेले. बफिंगचं चाक आधी कोपरे खातं, हे मी रोज हाताने करत होतो. तरी त्या दिवशी चमक पाहून विसरलो. तुम्ही भिंगातून अक्षरांच्या पोटात बघा, ‘ओ’च्या आत, ‘डी’च्या आत. खऱ्या प्रूफचा आरसा तिथेही पोहोचलेला असतो. कापडाचा किंवा चाकाचा हात तिथे नीट पोहोचत नाही.

आणखी एक गुंता आहे. प्रूफच्या डाय नंतर साध्या नाण्यांसाठीही वापरल्या गेल्याची उदाहरणं आहेत. अशा डायची पहिली नाणी प्रूफसारखीच झळकतात. म्हणून डायवरच्या एखाद्या ओळखीच्या ओरखड्यावरून ‘प्रूफ’ म्हणणं मला पटत नाही. काठ आणि अक्षरांच्या भिंती जुळल्याच पाहिजेत.

तुम्ही ज्याला साधं ठरवलंत, त्या १९१३ च्या लिंकनसाठी मात्र मला आजची झोप लागणार नाही. १९०९ ते १९१६ या काळात लिंकन सेंटचे प्रूफ चकचकीत नव्हतेच. त्यांना मॅट प्रूफ म्हणतात. डायचा पृष्ठभाग मुद्दाम बारीक रवाळ केलेला असे, त्यामुळे नाणं मंद, मखमली दिसतं आणि साधं समजून खर्चूनही टाकलं जातं. १९१३ ची अशी नाणी ३ हजारांच्या आत आहेत, साधी साडेसात कोटींहून जास्त. मंदपणा नुसत्या वयामुळेही येतो, तेव्हा त्यावर विसंबू नका. काठाच्या आतली आणि बाहेरची, दोन्ही धारा चौकोनी आहेत का पाहा. लिंकनच्या दाढीचे केस आणि कोटाच्या घड्या सुट्या दिसतात का पाहा. मग नाणं आडवं धरून त्याची जाडीची बाजू दिव्यासमोर न्या. मॅट प्रूफमध्ये ती बाजू आरशासारखी चमकते.

तिन्ही नाणी फक्त कडांना धरा, आणि कृपा करून पुसू नका, धुऊ नका. लिंकन या तिन्ही कसोट्यांवर उतरलं, तर पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासणाऱ्या कंपन्यांकडे तपासणीला पाठवा. त्याआधी कुणाला विकू नका. जाडीच्या बाजूचा एक स्पष्ट फोटो मलाही पाठवा.