लाल ठिपका तोच, ब्रेक दाबणारा वेगळा

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खानापूरहून रोज बसने बेळगावला येऊन-जाऊन शिकते. आम्हाला सी, जावा आणि पायथन तिन्ही आहेत. एडिटरमध्ये ओळीच्या डावीकडे क्लिक केलं की तिन्ही भाषांत तसाच लाल ठिपका उमटतो, म्हणजे ब्रेकपॉइंट; प्रोग्रॅम त्या ओळीवर थांबावा यासाठी. पण सीमध्ये तो कधीकधी आपोआप खालच्या ओळीवर सरकतो. पायथनमध्ये डीबगर (चुका शोधायचं साधन) लावला की दोन सेकंदांचा प्रोग्रॅम रांगायला लागतो. आणि लॅबमधल्या कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसरच्या बोर्डावर सहा ब्रेकपॉइंट बसतात, सातवा टाकला की एरर. वर्गात विचारलं, तर ‘प्रत्येक भाषेचं वेगळं असतं’ एवढंच उत्तर मिळालं. वेगळं म्हणजे नक्की काय?
एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पुष्कळ जण ‘डीबगर नीट चालत नाही’ एवढंच लिहून पाठवतात. तू काय दिसलं ते नेमकं लिहिलंस, त्यामुळे उत्तरही नेमकं देता येतं.

तू रोज बसने येतेस ना? पिरनवाडीला उतरायचं असलं की कुणी ‘थांबवा हो’ म्हणतं, कुणी ‘निल्सी’ म्हणतं. भाषा कुठलीही असो, ब्रेक दाबतो ड्रायव्हरच. डीबगरमध्ये याच्या उलट आहे. सांगायची खूण सगळीकडे एकच, तो लाल ठिपका; पण ब्रेक दाबणारा दर ठिकाणी निराळा. कधी प्रोसेसर, कधी जावाचं आभासी मशीन, कधी पायथनचा इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्रॅम वाचत-वाचत चालवणारा. ठिपका विचित्र वागला की आधी विचारायचं, इथे थांबवतंय कोण? तुझ्या तिन्ही अडचणी याच प्रश्नाने सुटतात.

सी घे. सीचा प्रोग्रॅम कंपाइल झाला की प्रोसेसरच्या सूचनांची नुसती रांग उरते, ओळी उरत नाहीत. तू जीडीबी या सीच्या डीबगरमध्ये ब्रेकपॉइंट टाकतेस तेव्हा जीडीबी त्या ओळीच्या पहिल्या सूचनेचा पहिला बाइट उचलून स्वतःकडे जपून ठेवतो आणि त्याजागी २०४ हा आकडा लिहितो. इंटेलच्या प्रोसेसरला २०४ म्हणजे ‘थांब, कुणीतरी बघणार आहे’. प्रोसेसर तिथे पोचला की काम सोडून ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारतो, ती प्रोग्रॅमला थांबवते आणि जीडीबीला जागं करते. तुला पडद्यावर थांबलेली ओळ दिसते ती यानंतर.

पुढे जाणं याहून नाजूक. तो २०४ वाचून प्रोसेसर एक बाइट पुढे सरकलेला असतो, म्हणून जीडीबी त्याला एक पाऊल मागे आणतो. जपून ठेवलेला मूळ बाइट जागेवर ठेवतो, प्रोसेसरला एकच सूचना चालवायला लावतो, मग पुन्हा २०४ लिहितो आणि तेव्हा कुठे प्रोग्रॅम मोकळा सोडतो. तू ‘कंटिन्यू’ दाबतेस त्या क्षणात एवढं सगळं होतं.

ही सूचना एकाच बाइटची का, हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं. इंटेलच्या सूचना १ बाइटपासून १५ बाइटपर्यंत कितीही लांब असतात. ब्रेकची सूचना दोन बाइटची असती आणि ती एका बाइटच्या सूचनेवर लिहिली असती, तर शेजारच्या सूचनेचं डोकं उडालं असतं. दुसरीकडून उडी मारून थेट त्या शेजारणीवर कुणी येणार असेल, तर प्रोग्रॅम कोसळलाच. सगळ्यात लहान सूचनेच्या जागीही मावेल, एवढी लहान ती मुद्दाम ठेवली आहे. एआरएमच्या ६४-बिटी प्रोसेसरवर हा पेच येतच नाही, कारण तिथे प्रत्येक सूचना चारच बाइटची.

आता ठिपका का सरकतो? कोणत्या ओळीतून कोणत्या सूचना निघाल्या, याचा तक्ता कंपायलर ‘-जी’ हा पर्याय दिल्यावर लिहून ठेवतो. कॉमेंट, रिकामी ओळ, नुसतं व्हेरिएबल जाहीर केलेली ओळ, यांतून सूचना निघतच नाहीत. मग २०४ लिहायचा कुठे? डीबगर सूचना असलेली पुढची ओळ पकडतो. आणि प्रोग्रॅम जलद करणारा ‘-ओ२’ पर्याय देऊन कंपाइल केलं असशील, तर कंपायलरने काही ओळी एकमेकींत मिसळलेल्या, काही पार काढून टाकलेल्या असतात. डीबग करताना ‘-ओ०’ किंवा ‘-ओजी’ दे. निम्मा त्रास तिथेच संपेल.

जावाची युक्ती सीसारखीच, पण एक मजला वर. तिथे आकडा लिहिला जातो बाइटकोडमध्ये, म्हणजे आभासी मशीनसाठीच्या सूचनांमध्ये, आणि तो असतो २०२. जावाच्या नियमावलीत हा आकडा ब्रेकपॉइंटसाठी राखून ठेवलेला आहे. तुझ्या क्लास फाइलमध्ये तो कधी येणार नाही, फक्त चालत्या मशीनच्या मेमरीत येतो. तो वाचून थांबतं ते आभासी मशीन, प्रोसेसरला याची खबरही नसते. ब्रेकपॉइंट बसलेली मेथड हॉटस्पॉट हे मशीन जलद केलेल्या रूपात न चालवता इंटरप्रिटरमधून चालवतं, म्हणून तेवढीच मेथड हळू होते. बाकीचा प्रोग्रॅम आपल्या वेगाने धावत राहतो.

पायथनच्या पीडीबी या डीबगरमध्ये पूर्वापार असं काही लिहिलंच जात नाही. इंटरप्रिटरला सांगून ठेवलेलं असतं की नवी ओळ सुरू करण्याआधी मला विचार. मग तो दर ओळीला विचारतो, ‘इथे थांबायचं का?’, आणि पीडीबी आपली यादी तपासून बहुतेक वेळा ‘नाही’ म्हणतो. लाख वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये हे विचारणं लाख वेळा. तुझा प्रोग्रॅम रांगतो तो यामुळे. २०२३ साली आलेल्या पायथन ३.१२ मध्ये हव्या त्याच जागी पाळत ठेवायची नवी सोय झाली आहे. ती वापरणारा डीबगर मिळाला तर फरक लगेच जाणवेल. तोवर एक साधा उपाय कर. शंका असलेल्या जागी इफची अट लिही आणि तिच्या आत ‘ब्रेकपॉइंट()’. ही सोय ३.७ पासून आहे. अट खरी होईपर्यंत पाळत सुरूच होत नाही, प्रोग्रॅम पुऱ्या वेगाने तिथवर येतो.

राहिला तुझा बोर्ड. तिथे प्रोग्रॅम फ्लॅश मेमरीत असतो, आणि फ्लॅशमधला एखादा बाइट रॅमसारखा सहज बदलता येत नाही. आधी आख्खा कप्पा पुसावा लागतो. म्हणून आकडा लिहिण्याचा मार्ग बंद. त्याऐवजी कॉर्टेक्स-एम३च्या आतच पत्ता ताडून बघणारी सर्किटं घातली आहेत, आणि सूचनांसाठी ती मोजून सहा आहेत. सातवा ब्रेकपॉइंट ठेवायला जागाच नाही. जुना एक काढ, नवा बसेल.

बोर्डाबद्दल आणखी एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. उद्यमबागेत मी बावीस वर्षं कंट्रोल बोर्डांचं काम केलं. एका फाउंड्रीसाठी कोअर (ओतकामाच्या साच्यात ठेवायचे वाळूचे ठोकळे) भाजायच्या भट्टीचा कंट्रोलर करत होते. तापमान चुकीचं वाचलं जात होतं, म्हणून वाचणाऱ्या ओळीवर ब्रेकपॉइंट टाकला आणि व्हेरिएबलं तपासत बसले. प्रोसेसर थांबला, पण हीटरच्या रिलेला जाणारी पिन ज्या अवस्थेत होती तिथेच राहिली, म्हणजे चालू. वास आला तेव्हा आतले वाळूचे कोअर काळे पडले होते. एका कामगाराने धावत जाऊन मेन स्विच पाडला. त्या कोअरच्या जागी कुणाचा हात आत असता तर, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ब्रेकपॉइंट प्रोसेसरला थांबवतो, मोटर, हीटर, व्हॉल्व्ह यांना थांबवत नाही. बोर्डावर काम करताना आधी हीटरची वायर काढ, तिथे छोटा दिवा लाव, मग ठिपका दे. आणि वॉचडॉग टायमर (प्रोग्रॅम अडकला असं वाटलं की बोर्ड रीसेट करणारं घड्याळ) डीबगच्या वेळी गोठवायची सेटिंग चालू आहे ना, ते बघ. नाहीतर तू विचार करत असतानाच बोर्ड रीसेट होईल.

प्रश्न : तंबाखूच्या वखारीच्या हिशेबाचा सी++ मधला जुना प्रोग्रॅम मी सांभाळतो. बिलाची एकूण रक्कम मध्येच कुठेतरी बदलते. चाळीस ठिकाणी ब्रेकपॉइंट टाकून झाले, चोर सापडत नाही.
एक वाचक, निपाणी

उत्तर : तुम्ही ओळींवर पहारा बसवलात, पहारा हवा रकमेवर. वडगावात यंत्रमागावर बघा, बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. कुणाला प्रत्येक फेऱ्याला डोळे लावून बसावं लागत नाही. प्रोसेसरमध्येही अशी सोय आहे. १९८५ च्या ८०३८६ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत पत्त्यावर पाळत ठेवणारे चार रजिस्टर आहेत. जीडीबीत ‘वॉच’ लिहून पुढे त्या रकमेचं नाव द्या. ‘हार्डवेअर वॉचपॉइंट’ असं उत्तर आलं तर प्रोग्रॅम जवळपास नेहमीच्या वेगाने चालेल. नुसतं ‘वॉचपॉइंट’ आलं, तर जीडीबी एकेक सूचना चालवून तपासतो आहे असं समजा; त्याला शेकडो पट वेळ लागू शकतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. थांबणं होतं ते रक्कम बदलून झाल्यावर, म्हणून दिसणाऱ्या ओळीच्या मागची ओळसुद्धा बघा. आणि रक्कम एखाद्या फंक्शनच्या आतली असेल, तर ते फंक्शन संपताच वॉचपॉइंट निघून जातो. रक्कम ऑब्जेक्टमध्ये असेल तर ‘वॉच -एल’ द्या, मग नावावर नाही, मेमरीतल्या जागेवर पाळत राहते.

प्रश्न : वेब पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये ठिपका द्यायचा, तर फाइल दरवेळी नव्याने तयार होते आणि ठिपका भलतीकडे जातो.
एक वाचक, संकेश्वर

उत्तर : तुमच्या मूळ फाइलमध्येच, हव्या त्या जागी ‘डीबगर’ हा इंग्रजी शब्द आणि अर्धविराम लिहा. तो भाषेचाच भाग आहे, त्यामुळे फाइल कितीदा बनली तरी जागा हलत नाही. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडी असतील तर प्रोग्रॅम तिथे थांबतो, बंद असतील तर सरळ पुढे जातो. काम झालं की ती ओळ आठवणीने काढा. फाइल लहान करणारी काही साधनं ती आपणहून काढतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.