दान मिळालेले दहा संगणक आणि वस्तीतली खोली: सुरुवात कुठून करायची?

वस्तीत खोली मिळाली आहे, एक कंपनी वापरलेले दहा संगणक देते आहे, तरुणांसाठी मोफत वर्ग आणि इंटरनेट सुरू करायचंय, असं तुम्ही लिहिलंय. माझं म्हणणं एवढंच की संगणक घ्यायच्या आधी केंद्र सांभाळणारं माणूस ठरवा. शक्यतो त्याच वस्तीतलं, आणि मानधन देऊन. स्वयंसेवक परीक्षा, नोकरी, लग्न यांत निघून जातात आणि खोलीला कुलूप लागतं.

१९९९ मध्ये सुगत मित्रा या संशोधकाने दिल्लीत कालकाजीच्या झोपडपट्टीलगतच्या भिंतीत संगणक बसवला आणि मुलं कुणी न शिकवता तो चालवू लागली, हे उदाहरण तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. खोटं नाही ते. पण मुलं आपापली शिकतात ती माउस, गेम, चित्रं. नोकरीचा अर्ज किंवा हिशेबाचा तक्ता असा जमत नाही, आणि मोकळ्या जागी दांडगे पुढे घुसतात, मुली मागे राहतात. मला जास्त उपयोगी वाटतात ती माणसं उभी करणारी कामं. अँटोनिया स्टोन या गणिताच्या शिक्षिकेने १९८३ मध्येच न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वस्तीसाठी संगणक केंद्र उघडलं होतं. बोस्टनचं कॉम्प्युटर क्लबहाउस १९९३ चं. तिथे ठरावीक धडे नव्हते, मुलं स्वतःच्या आवडीचं काही बनवत आणि अडलं तर मोठं कुणीतरी शेजारी असे. ब्राझीलमधल्या रिओच्या वस्त्यांत रॉद्रिगो बाज्जिओ यांनी १९९५ पासून केंद्रं काढली, तीही स्थानिकांनीच चालवायची म्हणून.

शिकवायचं काय? तुमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात फोन असेल, त्यामुळे ‘इंटरनेट म्हणजे काय’ वर वेळ घालवू नका. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: दोन्ही हातांनी टायपिंग, फाइल कुठे सेव्ह झाली ते शोधणं, जोडपत्रासह ईमेल, पीडीएफ ठरलेल्या आकारात बसवणं, पासवर्ड लक्षात ठेवणं. स्प्रेडशीट तर नक्की घ्या. दुकानापासून कार्यालयापर्यंत कामाला येते. आणि प्रत्येकाला स्वतःचं काहीतरी पूर्ण करू द्या. नुसती ‘मेनूमधले पर्याय’ वाचून दाखवणारी शिकवणी लवकर ओस पडते.

यंत्रांबद्दल थोडक्यात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि जुनी बरीच यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली आणि लेखन-हिशेबासाठी लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर टाका. हार्ड डिस्क काढून एसएसडी (जास्त वेगाने चालणारी साठवण) आणि जमल्यास ८ जीबी रॅम. एवढ्याने जुनं यंत्र ओळखू येत नाही इतकं पळतं.

इंटरनेटचा हिशेब लोक चुकवतात. एक एचडी व्हिडिओ साधारण ५ एमबीपीएस (इंटरनेटच्या वेगाचं माप) खातो, म्हणजे दहा जणांनी एकदम लावला की ५० एमबीपीएसची लाइन संपली. किविक्स आणि कोलिब्री ही इंटरनेटशिवाय चालणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत; विकिपीडिया किविक्समधून आणि धडे कोलिब्रीमधून खोलीतल्याच एका संगणकावर ठेवा. लाइन बंद असली तरी वर्ग चालतो. संगणकांना केबल द्या, वायफाय फोनसाठी ठेवा. तेही वर्गाच्या वेळेपुरतं नको, कारण अर्जाची शेवटची तारीख तुमचं वेळापत्रक बघून येत नाही. एकच यंत्र अनेक जण वापरणार, तेव्हा ब्राउझर बंद होताच सगळं पुसलं जाईल अशी सेटिंग पहिल्याच दिवशी करा. दुसऱ्याचं उघडं राहिलेलं खातं ही भांडणाची हमखास जागा आहे.

मुलींसाठी वेळ राखून ठेवा, आणि ती वेळ त्यांना विचारूनच ठरवा. अंधार पडल्यावरची बॅच कागदावर सगळ्यांसाठी खुली असते, पण तिथे मुलगेच दिसतात.

आणि हो, त्या कंपनीला स्पष्ट सांगा: अडॅप्टर आणि केबलसकट चालू यंत्रंच घेऊ. बंद पडलेली घेतलीत तर ई-कचऱ्याची विल्हेवाटही तुमच्याच गळ्यात पडते.