‘घट्ट धरणे’च्या आड दडलेली क्रियापदं

एका इंग्रजी कथेचं भाषांतर करताना अडलेल्या मैत्रिणीचा प्रश्न आहे. कथेत गर्दीनं भरलेला फलाट आहे. एक बाई पिशवी ‘क्लच’ करून उभी आहे, तिचं लहान पोर तिला ‘क्लिंग’ करतंय आणि शेजारी नवरा मुठी ‘क्लेंच’ करून उभा आहे. तिच्या हाताशी असलेल्या कोशात तिन्ही शब्दांपुढे ‘घट्ट धरणे’ एवढंच सापडलं. ती विचारते: मराठीजवळ खरंच एवढंच आहे का? आणि इंग्रजीत हे सगळे शब्द ‘क्ल’नंच का सुरू होतात?

मराठीजवळ पुष्कळ आहे. फक्त इंग्रजी शब्दाचा प्रतिशब्द शोधत बसलं की ते हाती लागत नाही. कोण धरतंय, शरीराच्या कोणत्या भागानं धरतंय आणि सुटलं तर काय होईल याची धास्ती किती आहे, हे आधी पाहावं.

‘क्लच’मध्ये बोटं वाकलेली आहेत, पक्ष्याच्या नखांसारखी. जुन्या इंग्रजीत ‘क्लिच्चन’ म्हणजे बोटं आवळून घेणं. म्हणूनच कुणाच्या ‘क्लचेस’मध्ये सापडणं म्हणजे आपलं ‘तावडीत सापडणं’. या शब्दात भीती आहे. बुडणारा माणूस काडीला ‘क्लच’ करतो असं इंग्रज म्हणतो, आपण ‘बुडत्याला काडीचा आधार’ म्हणतो. प्रसंग तोच, पण इंग्रजीनं झडप घालणारा हात पाहिला आणि मराठीनं काडी. गाडीच्या क्लचमध्येही हीच पकड आहे. तो इंजिन आणि गिअरबॉक्स यांना एकमेकांशी धरून ठेवतो. आपण पायानं क्लच ‘दाबतो’ तेव्हा खरं तर ती पकड सुटते, आणि क्लचप्लेट झिजली की मेकॅनिक सांगतो, क्लच घसरतोय.

‘क्लिंग’चं वेगळेपण व्याकरणात आहे. इतर क्रियापदांना सरळ कर्म चालतं: पिशवी धरली, दांडा पकडला. ‘क्लिंग’ला मात्र कर्म नाही, त्याला ‘टू’ लागतो. मराठीत नेमकं हेच होतं आणि मला त्याचा फार आनंद वाटतो: पोरानं आईचा पदर धरला, पण पोर आईला बिलगलं. पहिल्या वाक्यात पोर पदराचं काही करतंय, दुसऱ्यात पोर स्वतःच आईकडे गेलंय. वेल झाडाला बिलगते, ओला सदरा अंगाला चिकटतो. दोन्हीकडे इंग्रजीत ‘क्लिंग’ आणि मराठीत ‘ला’. मुलासाठी ‘चिकटलं’ लिहू नये असं माझं ठाम मत आहे. त्यात थोडा त्रागा ऐकू येतो. ‘बिलगलं’मध्ये ऊब आहे.

मात्र माणूस जुन्या रूढींना ‘क्लिंग’ करू लागला की ‘बिलगणे’ चालत नाही. तिथे आपण ‘रूढींना कवटाळून बसलेत’ म्हणतो. कवटाळायला दोन्ही हात आणि छाती लागते, त्यामुळे त्यात प्रेमही मावतं आणि हट्टही. मायेनं लेकराला कवटाळतात, माणूस मृत्यूलाही कवटाळतो.

‘क्लेंच’ला बहुधा स्वतःचंच शरीर लागतं: मूठ, दात, जबडा. मुठीत काही असावं लागत नाही. यासाठी ‘आवळणे’ अगदी चपखल आहे: मूठ आवळली, दात आवळले. त्याचंच भावंड ‘क्लिंच’. फळीतून आरपार गेलेल्या खिळ्याचं टोक मागच्या बाजूनं ठोकून वाकवायचं, म्हणजे खिळा मागे सरत नाही, हे ‘क्लिंच’ करणं. सौदा ‘क्लिंच’ होतो तोही असा, परतीची वाट बंद करून. आपण ‘पक्का झाला’ म्हणतो.

‘ग्रिप’, ‘ग्रॅब’, ‘ग्रास्प’ यांबद्दल थोडक्यात: ‘ग्रॅब’ क्षणाचं, झडप घालून हिसकावणं, ‘ग्रिप’ टिकणारी पकड, ‘ग्रास्प’ हातातून डोक्यात गेलेलं, आपल्या ‘ग्रहणशक्ती’सारखं, जिथे ‘ग्रह्’ म्हणजे मुळात धरणंच. पण ‘ग्रिप’चा एक सख्खा नातलग आपल्या घराघरात होता. बाळाला पाजायचं ग्राइप वॉटर! ‘ग्राइप’ म्हणजे आधी मुठीत धरणं, मग आतडं कुणी मुठीत धरून पिळावं तशी पोटातली कळ. आपण ‘मुरडा’ म्हणतो. आपल्यालाही आतडं पिळवटतानाच दिसलं.

आता ‘क्ल’. क्लॅस्प, क्लॅम्प, क्लिप, क्लेंच, क्लिंग, क्लच हे सगळे काही एका मुळातले नाहीत. ‘क्लॅम्प’ तर डच भाषेच्या बाजूनं आला. पण एका आवाजाभोवती एक अर्थ जमत गेला की भाषेला तो आवाजच त्या अर्थाचा वाटू लागतो. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० साली अशा आवाजांना ‘फोनस्थीम’ म्हटलं. मराठीतला ‘चि’ ऐका: चिकट, चिवट, चिमटा, चिकाटी, चिक्कू माणूस. सगळे सख्खे नाहीत, तरी सगळे सोडत नाहीत.

याच ‘क्ल’मध्ये एक विलक्षण जोडी आहे. ‘क्लीव्ह’ म्हणजे चिरणं, आणि ‘क्लीव्ह’ म्हणजेच चिकटून राहणं. जुन्या इंग्रजीत ही दोन निराळी क्रियापदं होती, झिजत झिजत एकसारखी झाली. १६११ च्या इंग्रजी बायबलात नवरा बायकोला ‘क्लीव्ह’ करतो, ते चिकटण्याच्या अर्थानं. आपलं ‘लग्न’ही ‘लग्’ या धातूचं, म्हणजे लागलेलं, जडलेलं. ते आलं ज्योतिषातून, क्षितिजाला लागलेल्या राशीवरून, पण ‘बिलगणे’तला ‘लग’ही याच घरचा.

तेव्हा तुझं वाक्य मी असं लिहीन: ‘तिनं पिशवी छातीशी कवटाळली होती, पोर तिला बिलगलं होतं आणि तो मुठी आवळून उभा होता.’ पिशवी एकाच हातात असेल तर मात्र ‘कवटाळली’ काढ आणि ‘मुठीत गच्च धरली होती’ लिही.