कॉफीचे यंत्र घेण्यापूर्वी

कॉफीविषयीचे प्रश्न मागवल्यानंतर कोल्हापूर परिसरातून आलेल्या बहुतेक पत्रांत पहिला प्रश्न यंत्राचा आहे, आणि बियांचा उल्लेख असलाच तर तो शेवटच्या ओळीत आहे. उत्तरे देताना हा क्रम मला उलटा करावा लागला आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : सासरे हुबळीत नोकरीला होते, तेव्हापासून ते फिल्टर कॉफी घेतात. नातेवाइकांनी बंगळूरहून एकावर एक बसणाऱ्या दोन भांड्यांचा पितळी फिल्टर आणि अर्धा किलो भाजलेल्या बिया आणून दिल्या. आम्ही त्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळल्या. परंतु डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरतच नाही, रात्रभर ठेवले तरी वरचे पाणी वरच राहते, आणि कधी उतरलेच तर कडवट लागते. फिल्टर बदलावा, की दहा-बारा हजारांचे यंत्र घ्यावे? सासऱ्यांना चिकोरी हवी असते, पण ती घालावी की नाही, यावरही घरात एकमत नाही.
— एक वाचक भगिनी, राजारामपुरी

उत्तर : फिल्टर बदलू नका आणि यंत्रही घेऊ नका, दोष दळण्यात आहे. असाच अनुभव आल्यावर मी माझ्या फिल्टरचे वरचे भांडे धुऊन खिडकीशी उजेडात धरले, तेव्हा तळाच्या निम्म्याहून अधिक छिद्रांतून उजेड येतच नव्हता. चटणीच्या भांड्यातील पाते बिया दळत नाही, ते त्यांचे तुकडे करते. त्यामुळे एकाच दळणात थोडा जाडा रवा, थोडा बारीक रवा आणि थोडा अगदी मैदा तयार होतो. हा मैदा छिद्रांत बसून वाट अडवतो आणि पाण्यात फार वेळ राहिल्याने कडवटपणाही तोच आणतो, तर जाड तुकड्यांतील चव पुरती उतरत नाही. शिवाय भांडे सतत फिरवल्याने पूड तापते आणि गंध उडून जातो. ज्या भांड्यात कांदा-लसूण मसाला फिरवला आहे, त्याचा वास कितीही धुतले तरी कॉफी धरते, हे वेगळे सांगायला नको. डंकावर चटणी कुटून घेतल्यावर लगेच त्याच डंकात कोणी हळद घालीत नाही, तोच न्याय येथे लागू आहे.

आपल्याला हवा आहे तो जात्याच्या तत्त्वावर चालणारा ग्राइंडर. त्यात दातेरी भाग दोन असतात, त्यांतील अंतर कमी-जास्त करता येते, आणि त्या अंतरापेक्षा मोठा कण खाली उतरू शकत नाही. हाताने फिरवायचा, पोलादी दात्यांचा असा ग्राइंडर तीन-चार हजारांच्या आत मिळू शकतो आणि दोघा-तिघांच्या घराला तो पुरेसा होतो. तेवढाही खर्च करायचा नसेल, तर बिया विकणाऱ्यालाच फिल्टरसाठी दळून द्यायला सांगावे आणि एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमच घ्यावेत, कारण दळलेल्या पुडीचा गंध काही दिवसांतच उतरणीला लागतो, तर अख्ख्या बिया भाजल्यापासून पाच-सहा आठवडे चांगल्या राहतात. म्हणून पाकिटावर भाजल्याची तारीख शोधावी. केवळ वापरण्याची अंतिम तारीख छापलेली असेल, तर त्यावरून बिया ताज्या आहेत की नाहीत हे कळत नाही.

कृती अशी : वीस ग्रॅम पूड वरच्या भांड्यात घालून हलकेच समतल करावी. दांडीची सच्छिद्र चकती तिच्यावर नुसती टेकवावी, दाबू नये. आधी पूड भिजेल एवढेच पाणी घालून अर्धा मिनिट थांबावे आणि मग उरलेले ओतावे. एकूण एकशे वीस मिलिलिटर पाणी पुरते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे आधण उतरवून अर्धा मिनिट ठेवले की ते कॉफीसाठी योग्य तापमानावर येते. डिकॉक्शन पंधरा ते वीस मिनिटांत उतरले, तर दळण बरोबर आहे असे समजावे.

चिकोरीबाबत सासऱ्यांची बाजू घ्यायला मला संकोच वाटत नाही. ते भाजलेले मूळ आहे, त्यात कॅफीन नसते, आणि त्याने डिकॉक्शनला दाटपणा व गडद रंग येतो. दक्षिणेतील कित्येक घरांना कॉफीची चव म्हणून तीच ठाऊक आहे. नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते, तेव्हा विकत घेताना ८०-२० किंवा ८५-१५ असे आकडे पाहून घ्यावेत. स्वस्त पाकिटांत प्रमाण ५१-४९ पर्यंत उतरलेले आढळते, आणि तेथे आपण निम्म्या दराने कॉफी नव्हे, तर अर्धी कॉफी घेत असतो. आपल्याकडे अख्ख्या बिया आहेत, तर चिकोरीची पूड वेगळी आणून दळलेल्या कॉफीत दहा-पंधरा टक्के मिसळावी. ज्यांना नको त्यांच्यासाठी फिल्टर वेगळा लावता येईल.

पुढच्या वेळी बिया मागवताना पाकिटावरील काही शब्द ओळखीचे असावेत. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. ‘प्लांटेशन’ म्हणजे धुतलेली (फळाचा गर काढून मग वाळवलेली) अरेबिका, ‘पार्चमेंट’ म्हणजे धुतलेली रोबस्टा, आणि ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली बी. पुढची ए, बी ही अक्षरे आकाराची असतात. ‘पीबेरी’ म्हणजे फळात दोनऐवजी एकच, गोलसर दाणा. फिल्टरसाठी प्लांटेशन ए आणि पीबेरी यांचे मध्यम ते गडद भाजलेले मिश्रण घेतल्यास सहसा पश्चात्ताप होत नाही. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते आणि कागल ओलांडले की कर्नाटक लागते. असे असून चिकमगळूरची ताजी कॉफी आपल्याकडे अद्याप नवलाई समजली जाते, हे चहाचे वर्चस्व म्हणायचे.

प्रश्न : मी घरून काम करतो. चिकमगळूरच्या एका मळ्यातील हलक्या भाजणीच्या बिया मागवल्या. पाकिटावर संत्रे आणि फुलांच्या गंधाचा उल्लेख होता. मोका पॉटमध्ये (शेगडीवर ठेवायच्या, वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणाऱ्या भांड्यात) कॉफी करून, म्हैस समोर पिळून दूध देतात त्या कट्ट्यावरून आणलेले दूध घातले, तर एकदा ती नासली आणि एरवी नुसतीच आंबट लागली. आता पंधरा बार दाबाचे एस्प्रेसो यंत्र घेण्याचा विचार आहे. ते योग्य ठरेल का?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : आपण तीन चांगल्या गोष्टी एकत्र आणल्या आहेत, परंतु त्यांचे एकमेकींशी पटत नाही. हलक्या भाजणीत बियांमधील आम्ले पुष्कळशी टिकून राहतात आणि संत्र्याची आठवण देणारी चव त्यांचीच असते. कट्ट्यावरचे दूध डोळ्यांदेखत काढलेले, फेसाळ, उभ्या उभ्या पिण्यासाठीचे असते. ते घरी आणून न तापवता दोन-तीन तास ठेवले की त्याची आम्लता वाढू लागते, आणि असे दूध आंबट, कढत कॉफीत पडले की नासते. आणल्याबरोबर तापवलेत तर नासण्याचा प्रकार थांबेल. मात्र संत्रे आणि फुले तरीही मिळणार नाहीत, कारण म्हशीच्या दुधात सहा टक्के किंवा त्याहून अधिक स्निग्धांश असतो आणि त्या सायीखाली असा नाजूक गंध दबून जातो.

म्हणून आधी दूध घालायचे की नाही ते ठरवावे आणि मग बिया निवडाव्यात. दूध घालायचे असल्यास मध्यम-गडद भाजणी घ्यावी, आणि तीत चांगल्या धुतलेल्या रोबस्टाचा चौथा हिस्सा असल्यास नाक मुरडू नये. भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के रोबस्टाच आहे. तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते आणि म्हशीच्या दुधापुढे उभे राहण्याचे बळ तिच्यातच असते. हाताशी असलेल्या हलक्या बिया मात्र दुधाविना, कागदी फिल्टरच्या शंकूतून कराव्यात : पंधरा ग्रॅम पूड, दोनशे चाळीस मिलिलिटर पाणी, सुमारे तीन मिनिटे. प्लास्टिकचा शंकू काही शे रुपयांत येतो.

मोका पॉट टाकून देऊ नका. खालच्या भांड्यात आधीच तापवलेले पाणी झडपेच्या खालपर्यंत भरावे, पूड न दाबता समतल करावी, आच मंद ठेवावी आणि झाकण उघडे ठेवून पाहावे. आधी गडद, मधासारखी धार येते. मग ती फिकट होते आणि भांडे गुरगुरू लागते. गुरगुर सुरू होताच ते उतरवून त्याचा तळ नळाच्या पाण्याखाली धरावा. त्यानंतर येते ते केवळ कडू पाणी असते. ॲल्युमिनियमचा मोका पॉट इंडक्शन शेगडीवर तापत नाही, हेही जाता जाता सांगतो.

पंधरा बार हा आकडा पंपाची कमाल क्षमता सांगतो. एस्प्रेसोला नऊ बारच्या आसपासचा दाब लागतो, त्यामुळे आकडा मोठा म्हणून कॉफी चांगली, असे होत नाही. अठरा ग्रॅम पुडीतून पंचवीस-तीस सेकंदांत छत्तीस ग्रॅम कॉफी यावी यासाठी दळण इतक्या सूक्ष्म फरकाने बदलावे लागते, की यंत्राइतकाच खर्च ग्राइंडरवर होतो. मी स्वतः या खर्चाचा हिशोब न करता असे एक यंत्र घेतले होते. दोन महिने बाजारातील तयार पूड वापरून पाहिली. कधी दहा सेकंदांत पाणचट धार येई, कधी काहीच येत नसे. ते यंत्र सध्या माळ्यावर आहे.

प्रश्न : गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत आमचे बावीस जणांचे कार्यालय आहे. एक विक्रेता यंत्र भाड्याने देतो, पण प्रीमिक्स (कॉफी, साखर वगैरेंचे तयार मिश्रण) त्याच्याकडूनच घ्यावे लागेल. दुसरा अख्ख्या बिया दळून कप भरणारे स्वयंचलित यंत्र विकत घ्यायला सांगतो. कोणता पर्याय निवडावा?
— एक उद्योजक

उत्तर : दोघांनाही आठवडाभर थांबवून ठेवावे आणि त्या आठवड्यात कॉफी खरोखर कितीजण घेतात ते मोजावे. विक्रेते बावीस गुणिले तीन असा हिशोब मांडतात. प्रत्यक्षात कोल्हापुरातील कार्यालयात निम्मी माणसे चहावाल्याचीच वाट पाहतात. समजा बाराजण दिवसाला दोन कप घेतात. चोवीस कप, प्रत्येकी आठ ग्रॅम आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरल्यास सुमारे पाच किलो बिया लागतील. एवढ्या वापरासाठी महागडे यंत्र घ्यायचे कारण मला दिसत नाही.

प्रीमिक्सच्या पाकिटावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, ती वाचावी. पहिले नाव पुष्कळदा साखरेचे आणि कॉफीचे बरेच खाली असते. करारात महिन्याला किमान किती प्रीमिक्स घ्यावे लागेल हे पाहावे, कारण भाडे कमी आणि खरेदीची सक्ती जास्त अशी मांडणी सर्रास असते.

स्वयंचलित यंत्राबाबत माझा पहिला प्रश्न तांत्रिक नाही : ते रोज संध्याकाळी धुणार कोण? एका कार्यालयात मी अशा यंत्राची दूध ओढणारी नळी काढून पाहिली, तर तिच्या आत पिवळट थर होता आणि वास ताकाचा होता. कॉफी बिघडली म्हणून त्या मंडळींनी तीन वेळा बिया बदलल्या होत्या! ज्याच्या कामाच्या यादीत ही धुलाई लिहिलेली आहे असा माणूस नसेल, तर दुधाची नळी असलेले यंत्र घेऊ नये. दुसरी बाब पाण्याची. कूपनलिकेचे जड पाणी वापरल्यास तापणाऱ्या भागावर क्षार साचतात आणि दुरुस्तीचा खर्च सुरू होतो. उलट आरओमधून अगदी कोरडे केलेले पाणी वापरल्यास कॉफी सपक लागते. विरघळलेले क्षार लिटरला दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास असणे चांगले. तिसरी बाब विजेची : पाणी तापवताना अशी यंत्रे हजार वॅटहून अधिक वीज ओढतात, तेव्हा ती कार्यालयाच्या इन्व्हर्टरवर टाकू नयेत.

आपल्यासाठी मी यापेक्षा साधा पर्याय सुचवेन. कागदी फिल्टरचे ड्रिप यंत्र, एक वीजचलित ग्राइंडर आणि दोन लिटरचा चांगला थर्मास घ्यावा. एक लिटर पाण्याला साठ ग्रॅम पूड हे प्रमाण भिंतीवर लिहून ठेवावे. कॉफी यंत्राच्या तापत्या तव्यावर ठेवू नये, ती तेथे अर्ध्या तासात जळकट होते. लगेच थर्मासमध्ये ओतावी. दूध वेगळे तापवून ठेवावे आणि साखर ज्याची त्याने घ्यावी. पाहुण्यांसमोर हे यंत्र चकचकीत दिसत नाही, एवढा तोटा मान्य आहे.

प्रश्न : गूळ घातला की कॉफी फाटते. उपाय आहे का?
— एक वाचक, मार्केट यार्ड परिसर

उत्तर : गुळातील आम्लता आणि क्षार यांमुळे उकळते दूध फाटते, कॉफीची आम्लता त्यात भर घालते. दूध तापवून शेगडीवरून उतरवावे. गूळ किसून आधी गरम डिकॉक्शनमध्ये पूर्ण विरघळवावा आणि मग त्यात दूध ओतावे. एकत्र झाल्यावर पुन्हा उकळी आणू नये. दूध सकाळचेच असावे. गडद भाजणीच्या कॉफीशी गूळ अधिक जुळतो, हा माझ्या आवडीचा भाग समजावा.

प्रश्न : पावसाळ्यात कॉफी फ्रिजमध्ये ठेवावी का?
— एक वाचक भगिनी, शाहूपुरी

उत्तर : रोजच्या वापराची ठेवू नये. डबा दर वेळी बाहेर काढून उघडला की थंड पुडीवर दमट हवेतील पाणी धरते, शिवाय फ्रिजमधील वास लागतात. किलोभर बिया एकदम घेतल्या असतील, तर आठवड्याला पुरतील एवढ्या पुड्या हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. एक पुडी काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याखेरीज उघडू नये, आणि उघडलेली पुन्हा आत ठेवू नये. चालू डबा घट्ट झाकणाचा आणि अपारदर्शक असावा. तो शेगडीपासून आणि वर्षाच्या चटणीच्या बरणीपासून दूर, वेगळ्या फळीवर ठेवावा.