काउंटी ज्येष्ठांना राहण्याजोगी करायची, तर रहिवाशांनी नेमके काय मागावे?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेतील आपल्या काउंटीने (म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाने) ज्येष्ठस्नेही आराखड्यासाठी सूचना मागवल्या आहेत आणि आई-वडील आता आपल्याकडे कायमचे राहायला आले आहेत, तर त्या आराखड्यासाठी काय सुचवावे. मी कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीत राहतो, म्हणून उदाहरणे बहुतेक येथलीच देतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 33 शहरांतील ज्येष्ठांशी बोलून 2007 साली एक मार्गदर्शिका काढली. मोकळ्या जागा, वाहतूक, घरे, आरोग्यसेवा असे आठ विषय तीत आहेत आणि अमेरिकेतील बहुतेक आराखडे त्याच साच्यातून निघतात. साचा चांगला आहे. मात्र आठही विषयांना सारखे वजन दिले की पैसा कशालाच पुरत नाही, हेही तितकेच खरे. माझ्या मते कसोटी एकच असावी: गाडी न चालवणाऱ्या माणसाला मुलाची किंवा सुनेची सवड न बघता घराबाहेर पडता येते का? पुण्यात किंवा नाशकात रोज सकाळी मंडईत जाऊन कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणारी व्यक्ती येथे आली की शनिवार-रविवारची वाट पाहू लागते, आणि त्याला तिच्या गुडघ्यांपेक्षा येथली रस्त्यांची रचना अधिक जबाबदार असते.

म्हणून पहिली मागणी रस्ता ओलांडण्याची. आमच्याकडे लॉरेन्स, सॅन टोमास, मॉन्टेग्यू असे आठ एक्स्प्रेसवे, म्हणजे सिग्नल असलेले रुंद हमरस्ते, शहरांच्या नव्हे, तर काउंटीच्या अखत्यारीत आहेत. अमेरिकेत सिग्नलची वेळ ठरवताना पादचाऱ्याचा वेग साधारणपणे सेकंदाला 3.5 फूट धरतात. रस्ता 100 फूट रुंद असेल तर उलटमोजणीला सुमारे 29 सेकंद मिळतात आणि त्याआधी चालू लागण्यासाठी बहुधा 7 सेकंद असतात, म्हणजे एकूण 36. काठी टेकत सेकंदाला अडीच फूट चालणाऱ्या आजींना मात्र 40 सेकंद लागतात. दिवा लागताक्षणी त्यांनी पाऊल उचलले तरी शेवटचे दहा फूट उरतातच. सिंगापूरने 2009 पासून काही चौकांत अशी सोय केली आहे की, ज्येष्ठांनी आपले सवलतकार्ड खांबावरील यंत्राला टेकवले की हिरवा दिवा काही सेकंद अधिक राहतो. आपल्या काउंटीला एवढे जमले नाही, तरी ज्येष्ठांची वस्ती, दवाखाने आणि ग्रंथालये यांच्या जवळच्या चौकांची यादी करून तेथील वेळ वाढवणे आणि मधल्या दुभाजकावर थांबण्याची जागा व बटण देणे, हे नक्कीच जमण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट बसची, आणि येथे एक खाच आहे. 1990 च्या अपंगहक्क कायद्यानुसार, ज्यांना अपंगत्वामुळे नेहमीच्या बसने जाता येत नाही त्यांच्यासाठी पॅराट्रान्झिटची, म्हणजे आधी सांगून मागवायची, गाडी द्यावीच लागते. पण ही सक्ती ठरावीक बसमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलापर्यंतच असते. त्यामुळे प्रवासी कमी म्हणून एखादा मार्ग बंद झाला की त्या भागातील गाडीची कायदेशीर हमीही जाऊ शकते, आणि हे त्या घरातील आजोबांना गाडी मागवायला फोन केल्यावर कळते. मार्ग बंद करण्याआधी त्या पट्ट्यातील अशा प्रवाशांची मोजणी झालीच पाहिजे, असे आराखड्यात स्पष्ट लिहून घ्यावे. वाहतूक संस्था काउंटीपासून वेगळी असली, तरी तिच्या मंडळावर काउंटीचे प्रतिनिधी असतील, तर त्यांना हे विचारता येते.

घरांबद्दल थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियात परसदारी छोटे स्वतंत्र घर बांधण्याच्या नियमात बसणाऱ्या अर्जावर 60 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. आपल्या राज्यात तसा नियम नसेल तर काउंटीकडे तो मागता येईल. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे न्हाणीघरातील आधाराचे दांडे आणि दाराशी उतार, आणि त्यासाठी अनुदान मागावे. अमेरिकेत 65 वर्षांवरील चारांपैकी एकाहून अधिक जण दरवर्षी पडतात, हे पाहता हा खर्च मुळीच मोठा नाही.

जेवणाच्या कार्यक्रमाविषयी आपल्या लोकांना फारशी माहिती नसते. 1965 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालील सामुदायिक भोजनाला वयाची साठी पुरते, उत्पन्नाची अट नसते आणि पैसे ऐच्छिक असतात. शाकाहारी जेवण मिळत नसेल तर ते लेखी मागावे, कारण मागणी कागदावर नसेल तर ठेकेदाराच्या करारात ती येत नाही. हेच सर्वेक्षणाचेही आहे. मुलाच्या घरी राहणाऱ्या, स्वतःच्या नावावर घर किंवा वीजबिल नसलेल्या आणि इंग्रजी अर्जाला बिचकणाऱ्या आई-वडिलांपर्यंत प्रश्नावली पोहोचत नाही, आणि मग अहवालात ते नसतातच. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात एक टेबल मांडून मराठीत प्रश्न विचारले आणि उत्तरे इंग्रजीत भरून दिली, तर ती मोजली जातील का, हे काउंटीच्या अधिकाऱ्यांना आधीच विचारून घ्यावे.

शेवटी, सूचना देताना प्रत्येक मागणीपुढे कोणत्या खात्याने, कोणत्या वर्षी आणि कोणत्या निधीतून ती पुरी करायची, हे लिहावे. आराखडा मंजूर झाल्यावर काउंटीच्या अर्थसंकल्पावरील जनसुनावणीलाही जावे, आणि शक्य असेल तर आई-वडिलांना सोबत न्यावे. बोलायची वेळ बहुधा दोन-तीन मिनिटांचीच असते, त्यामुळे एकाने चौकाबद्दल आणि दुसऱ्याने बसबद्दल बोलावे.