‘मी जातो’ म्हणणारी बाई: लिंग, लिंगभाव आणि बेळगावची बोली

एका वाचक भगिनीने विचारले आहे: त्या नाशिकहून लग्न होऊन बेळगावजवळच्या गावी आल्या. सासूबाई, जावा, शेजारणी सगळ्याच ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असे बोलतात, आणि आता त्यांची सात वर्षांची मुलगीही शाळेतून येताच दारातूनच ‘आई, मी आलो’ अशी हाक मारते. हे पुरुषी बोलणे कन्नडमुळे आले का, ते चूक समजून दुरुस्त करावे का, आणि वर्तमानपत्रांत हल्ली दिसणारा ‘लिंगभाव’ हा शब्द ‘लिंग’ या शब्दाहून वेगळा कशासाठी?

आधी ‘लिंग’ हा शब्द पाहू. त्याचा मूळ अर्थ खूण किंवा चिन्ह असा आहे. आमच्या बेळगाव भागात गळ्यात शिवाची खूण म्हणून इष्टलिंग धारण करणारे लिंगायत शेजारी गल्लोगल्ली असल्यामुळे हा अर्थ इकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मराठीत मात्र शरीराची खूण आणि शब्दाचे व्याकरण या दोन्हींसाठी हा एकच शब्द चालतो, आणि गोंधळ तिथे सुरू होतो. हा गोंधळ प्राचीन व्याकरणकार पतंजलींनाही ठाऊक होता. संस्कृत व्याकरणावरच्या आपल्या महाभाष्य या ग्रंथात त्यांनी एक श्लोक चर्चेला घेतला आहे, त्याचा आशय असा की स्तन आणि केस असलेली ती स्त्री, अंगावर लव असलेला तो पुरुष, आणि या खुणांच्या अभावी नपुंसक. हीच व्याख्या नंतर खाटेला लावून पाहिली जाते. खाटेला ना स्तन ना केस, तरी ‘खट्वा’ शब्द स्त्रीलिंगी कसा? संस्कृतात पत्नीसाठी ‘भार्या’ स्त्रीलिंगी, ‘दार’ पुल्लिंगी आणि ‘कलत्र’ नपुंसकलिंगी आहे. बाई तीच, लिंगे तीन. महाभाष्यातलेच ‘लिङ्गमशिष्यं लोकाश्रयत्वाल्लिङ्गस्य’ हे वचन मला फार मोलाचे वाटते. शब्दाचे लिंग नियम करून शिकवता येत नाही, कारण ते लोकांच्या वापरावर टेकलेले असते, असा त्याचा अर्थ.

आता ‘मी जातो’कडे येऊ. प्रमाण मराठीतही ‘मी’ म्हणणाऱ्या व्यक्तीचे स्त्रीपुरुषत्व क्रियापदात फार थोड्या ठिकाणी दिसते. ‘मी जाईन’, ‘मी जाणार’, ‘मी भाकरी खाल्ली’ ही वाक्ये कोण बोलले ते सांगत नाहीत. ‘आम्ही जातो’, ‘आम्ही गेलो’ या अनेकवचनांतही स्त्रीपुरुष भेद नाही. नाशिकच्या चार मैत्रिणी एकत्र बोलतील तेव्हा ‘आम्ही आलो’ असेच म्हणतील आणि त्यात कोणालाही पुरुषीपणा दिसणार नाही. भेद मुख्यतः उरतो तो ‘मी जाते’, ‘मी गेले’ अशा एकवचनी रूपांत. आमच्या बोलीने तेवढाही ठेवला नाही, आणि ‘आम्ही आलो’च्या जोडीला ‘मी आलो’ सर्वांसाठी बसवले.

कन्नडचा हात यात आहे का? कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसतेच. ‘नानु होगुत्तेने’ म्हणजे मी जातो आणि मी जातेही. परंतु तिसऱ्या व्यक्तीविषयी बोलताना ‘अवनु बंदनु’ म्हणजे तो आला आणि ‘अवळु बंदळु’ म्हणजे ती आली, असा स्पष्ट भेद आहे. आमच्या बायकांची मराठी याच घडणीची आहे. त्या स्वतःविषयी ‘मी गेलो’ म्हणतात, पण जावेविषयी ‘ती गेली’ असेच म्हणतात. दोन भाषा पिढ्यानपिढ्या एका अंगणात नांदल्यावर असा मेळ बसणे स्वाभाविक आहे. तरीही सगळे श्रेय किंवा खापर कन्नडवर टाकणे मला पटत नाही, कारण हीच रूपे कोल्हापूर भागातल्या बायकांच्या तोंडीही आहेत, जिथे कन्नड घरोघर बोलली जात नाही, आणि ‘आम्ही आलो’चा दाखला मराठीच्या पोटातच होता. कन्नडच्या शेजाराने त्याला बळ दिले असावे, असे माझे मत आहे.

‘लिंगभाव’ हा शब्द कशासाठी लागतो, हे याच उदाहरणावरून उलगडते. शरीराच्या खुणेवरून ठरते ते लिंग. त्या खुणेच्या माणसाने कसे बोलावे, चालावे, हसावे, कोणते काम करावे, याविषयी समाजाने ठरवलेले सारे म्हणजे लिंगभाव. ‘बायकी आवाज’, ‘पुरुषी चाल’, ‘मर्दानी बाणा’ यांतली विशेषणे शरीराचे वर्णन करत नाहीत, समाजाची अपेक्षा सांगतात. आता ‘जातो’मधला ‘तो’ पाहा. हाच उच्चार नाशिकच्या बाईच्या तोंडून आला तर लोक वळून पाहतील, आणि बेळगावच्या गणपत गल्लीत भाजी घेऊन झाल्यावर ‘येतो हं’ म्हणणाऱ्या आजीकडे कोणाचे लक्षही जात नाही. बाईने कसे बोलावे याची रीत बदलली, कारण ठरवणारे लोक बदलले.

वयाचेही काही प्रमाणात असेच आहे. ‘लेकरू’, ‘पोरगं’ हे नपुंसकलिंगी शब्द आमच्याकडे मुलगी असो वा मुलगा, दोघांनाही सारखेच लावतात, ‘पोरगं हुशार हाय’ असे मुलीबद्दलही कौतुकाने म्हणतात. पण बारा-तेरा वर्षांची झाली की तीच ‘पोरगी’ होते, आणि शब्दाबरोबर सातच्या आत घरी येण्याची ताकीदही येते. मुलाचा ‘पोरगा’ होतो तेव्हा त्याच्यामागे अशी ताकीद लागत नाही.

पतंजलींच्या चर्चेतल्या त्या श्लोकाशी जुळणारे एक कन्नड वचन, म्हणजे शिवभक्ताची छोटी रचना, आहे, आणि ते मराठी वाचकांपर्यंत पोचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. ते बसवेश्वरांच्याही आधीचे मानले जाणारे वचनकार जेडर दासिमय्या यांचे. स्तन आणि लांब केस दिसले की लोक बाई म्हणतात, दाढीमिशा दिसल्या की पुरुष म्हणतात, पण आत वावरणारा आत्मा ना बाई ना पुरुष, असे ते आपल्या रामनाथाला, म्हणजे आपल्या शिवाला, सांगतात. खुणा जवळपास त्याच आहेत. एका ठिकाणी त्या खाटेपाशी अपुऱ्या पडल्या, दुसऱ्या ठिकाणी आत्म्यापाशी.

दुरुस्तीविषयी सांगताना मला माझ्या वर्गातली चौथीची एक मुलगी आठवते. ‘बाई, मी वही विसरलो’ असे तिने बाहेरगावाहून बदलून आलेल्या शिक्षिकेला सांगितले. ‘तू काय मुलगा आहेस?’ असे विचारून त्यांनी तिला ‘विसरले’ हे रूप तीनदा म्हणायला लावले, आणि वर्ग हसला. मी शेजारच्या बाकावर होते. त्यानंतर कितीतरी दिवस ती ‘माझी वही घरी राहिली’ अशी वाक्ये करायची, म्हणजे ‘विसरलो’ही नको आणि ‘विसरले’ही नको. अशा दुरुस्तीमागे आमच्या भागाची एक वेगळी धास्तीही असते. 1956 साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्यापासून इथल्या माणसाला आपली मराठी खरी आहे हे जणू सिद्ध करत राहावे लागते, म्हणून बोलीत कन्नडची सावली दिसली की घरचीच माणसे आधी दचकतात.

मात्र ‘मी जातो’ म्हणते म्हणून इथली बाई अधिक मोकळी आहे, असा अर्थ कोणी काढू नये. ‘मी माहेरी जातो’ असे ती म्हणते, पण जायचे की नाही हे अनेक घरांत अजून दुसरेच कोणी ठरवते.

तेव्हा माझे उत्तर असे. ‘मी आलो’ हे तुमच्या मुलीच्या बोलीतले अचूक रूप आहे, ते घरात दुरुस्त करू नये. निबंधात आणि परीक्षेत ‘आले’, ‘गेले’ लिहायचे, हे तिला वेगळे सांगावे. सात वर्षांचे मूल घरची आणि वहीची अशा दोन रीती सहज सांभाळते. मीही हे उत्तर ‘लिहिते’ आहे, आणि आत्ता शेजारच्या काकूंनी हाक मारली तर ‘आलो, आलो’ म्हणतच उठेन.